मे उलटला की वाइन बिघडते: कोल्हापुरातल्या घरासाठी निदान आणि उपाय

तक्रार दरवर्षी साधारण एकाच सुमारास कानावर येते. मृगाचा पाऊस सुरू होतो, घरात चार माणसं जमतात आणि कुणीतरी कपाटातून जपून ठेवलेली बाटली काढतं. पुतण्यानं परदेशातून आणलेली असते, नाहीतर नाशिकच्या सहलीत घेतलेली. उघडावी तर वास काकवीचा, चव आंबूस, रंग विटकरी. मग घरातलं वडीलधारं माणूस निकाल देऊन टाकतं, "इटलीची वाइन असलीच असते व्हय? त्यापेक्षा आपलं पन्हं बरं." पुढच्या वर्षी बाटली दुसरी, निकाल तोच.

इटलीचा यात काही दोष नसतो. ती बाटली दोन महिने पश्चिमेच्या भिंतीला टेकून, नाहीतर माळ्यावर स्लॅबखाली भाजत पडलेली असते. वेगवेगळ्या मुलखांच्या वाइनमधला फरक चाखायचा असेल तर आधी घरातली जागा सुधारायला हवी. पण त्याआधी निदान, कारण प्रत्येक बिघाड उन्हानं होत नाही. काही बाटल्या वायनरीतूनच आजारी निघतात, काही दुकानात बिघडतात आणि काही मुळात बिघडलेल्याच नसतात, आपण उगाच मोरीत ओततो.

उघडायच्या आधी

गळ्यावरचं आवरण अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवून पाहा. सहज फिरलं तर बरं लक्षण. चिकटून बसलं असेल आणि खालच्या कडेला वाळलेला लालसर ओघळ दिसत असेल, तर आतून वाइन पाझरली आहे. काही आवरणं मुळातच घट्ट असतात, त्यामुळे एवढ्या एका खुणेवर जाऊ नका. माथ्यावरून बोट फिरवा. बूच काचेच्या कडेबरोबर किंवा किंचित खाली असायला हवं. मधे फुगवटा लागला, म्हणजे बूच वर सरकलंय, तर बाटली कधीतरी चांगलीच तापली होती.

यामागचं गणित सोपं आहे. ७५० मिली पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर नेलं तर साधारण साडेचार मिलीनं फुगतं. वाइनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे ती त्याहून थोडी जास्तच फुगते. बुचाखाली मोकळी जागा असते जेमतेम दीड सेंटीमीटर, म्हणजे चारेक मिली. ती संपली की सगळा दाब बुचावर येतो. मग एकतर बूच वर सरकतं किंवा वाइन त्याच्या कडेनं झिरपते. रात्री गारवा आला की वाइन आकसते आणि त्याच वाटेनं बाहेरची हवा आत ओढली जाते. दिवसा बाहेर, रात्री आत, असं दोन महिने चाललं की वाइन वयाच्या आधीच म्हातारी होते.

म्हणून नुसत्या उष्णतेपेक्षा रोजचा चढउतार जास्त घातक. वर्षभर एकसारख्या २० अंशांत पडून राहिलेली बाटली जरा लवकर पिकेल, पण पिण्याजोगी राहील. दुपारी ३६ आणि पहाटे २४ अशा हेलकाव्यात राहिलेली बाटली वाचत नाही. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांना बुचाचा त्रास नाही, हवा आत शिरण्याची धास्तीही कमी. पण आतली वाइन भाजायची ती भाजतेच. झाकण शाबूत आहे म्हणून माल शाबूत आहे असं धरू नका.

नाकानं निदान

निमुळत्या तोंडाच्या काचेच्या ग्लासात थोडीशी ओता, दोनेक घोट पुरेत. खाली पांढरा कागद धरून रंग बघा, मग न हलवता वास घ्या, मग ग्लास गोल फिरवून पुन्हा घ्या. चव शेवटी. बहुतेक बिघाड नाकालाच सापडतात.

काकवी, शिजलेले मनुके, जॅम असा गोडसर जड वास आला आणि ताज्या फळाचा मागमूस नसेल, तर बाटली तापलेली आहे. गुऱ्हाळावर एकदा तरी उभं राहिलेल्या माणसाला हा वास शिकवावा लागत नाही. याला इलाज नाही. पण दोष जागेचा असल्यानं पुढची बाटली वाचवता येते.

कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास आणि पांढऱ्या वाइनला आलेली तपकिरी झाक म्हणजे हवा लागली. प्राणवायूमुळे अल्कोहोलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं, त्याचा हा वास. बुचाची बाटली वर्षभर उभी ठेवली की बूच कोरडं पडून आकसतं आणि हवेला वाट मिळते. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवायच्या त्या एवढ्यासाठीच. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली काय, आडवी ठेवली काय, फरक पडत नाही.

नेलपॉलिश रिमूव्हर आणि शिरका, असा नाकात झोंबणारा वास असेल तर अ‍ॅसिटोबॅक्टर जातीच्या जिवाणूंनी हवेच्या मदतीनं अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक आम्ल केलेलं आहे. इथे मात्र घाई करू नका, कारण वर सांगितलेला घरगुती निकाल निम्म्या वेळा इथेच चुकतो. आंबट लागली म्हणजे बिघडली असं नव्हे. उत्तर इटलीच्या, फ्रान्समधल्या लुआर खोऱ्याच्या आणि जर्मनीतल्या मोझेलच्या वाइन जन्मतःच आंबट असतात. थंड मुलखात द्राक्षातलं आम्ल टिकून राहतं. ती आंबटाई जिभेच्या कडेला लागते, तोंडाला पाणी सुटतं, नाकाला काही होत नाही. शिरक्याची आंबटाई आधी नाकाला कळते. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी कितीतरी चांगल्या बाटल्या मोरीत जायच्या वाचतील.

ओल्या पुठ्ठ्याचा, तळघराचा वास आला तर तो बुचाचा रोग. ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं द्रव्य त्याला कारण असतं आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. बुचाच्या झाडाच्या सालीवर बुरशीच्या कृपेनं ते तयार होतं. तब्येतीला अपाय नाही, पण वाइनचा वास मारून टाकतं. यात तुमच्या घराचा काही दोष नाही. फक्त कोल्हापुरात एक घोळ होतो. जुलै-ऑगस्टमध्ये बंद कपाटात पालथे ठेवलेले ग्लास स्वतःच कुबट वासाचे होतात आणि बोल बुचाला लागतो. म्हणून पावसाळ्यात ग्लास आधी रिकामा हुंगा. वास असेल तर धुऊन, कोरडा करून, चमचाभर वाइननं खळबळून ती ओतून द्या आणि मग निकाल करा.

कुजक्या अंड्याचा किंवा नुकत्या ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास उलट कारणानं येतो. वाइनला हवा कमी पडली की हायड्रोजन सल्फाइडसारखी गंधकाची संयुगं साचतात. फिरकीच्या झाकणाखाली हे जास्त होतं. उपाय सोपा आहे. भांड्यात ओता, जोरात हलवा, अर्धा तास थांबा. नाही गेला तर घासून स्वच्छ केलेली तांब्याची वस्तू ग्लासात बुडवून हलवा आणि लगेच काढा. तांबं त्या गंधकाला धरून ठेवतं. फक्त संध्येची पळी त्यासाठी उचलू नका, घरात महाभारत होईल.

पांढऱ्या काचेच्या बाटलीतली रोझे (गुलाबी) किंवा स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन शोकेसच्या दिव्याखाली राहिली तर उकडलेल्या कोबीचा वास येतो. प्रकाशाचं हे काम आहे. अशी बाटली कागदात गुंडाळून ठेवावी, विषय संपला.

आता न बिघडलेल्या बाटल्या. फ्रिजमधून काढलेल्या पांढऱ्या वाइनच्या तळाशी किंवा बुचाला चकाकणारे खडे दिसतात. लोक ते काचेचे तुकडे समजून घाबरतात, काही जण साखर समजतात. ते पोटॅशियम बायटार्ट्रेटचे स्फटिक, म्हणजे बेकरीवाले वापरतात तेच क्रीम ऑफ टार्टर. गारव्यानं खाली बसतात. निरुपद्रवी आहेत. जुन्या लाल वाइनचा गाळही तसाच. बाटली दिवसभर उभी ठेवा आणि हलक्या हातानं ओता, शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या.

घरातली जागा

पुस्तकात लिहिलेलं असतं, १२ ते १४ अंश, ६० ते ७० टक्के आर्द्रता, अंधार, शांतता. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी पारा ३७-३८ च्या घरात आणि रात्री २२-२३ वर. डिसेंबरात दिवसा ३० आणि पहाटे १५. जुलैत हवा ओलीचिंब. म्हणजे यंत्राशिवाय पुस्तकातला आकडा गाठता येत नाही, तो नाद सोडून द्या. यंत्राशिवाय एवढंच साधता येतं, की चढउतार कमी करायचा आणि मुक्काम थोडका ठेवायचा.

रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम इथे उपयोगी पडतो. दर १० अंशांना क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. त्या हिशेबानं १३ अंशांत दोन वर्षं चांगली राहणारी वाइन ३३ अंशांत सहा महिन्यांत तेवढी म्हातारी होईल. प्रत्यक्षात सगळ्या क्रिया सारख्या वेगानं वाढत नाहीत, त्यामुळे ती नुसती लवकर पिकत नाही, वाकडी पिकते.

जागा अंदाजानं ठरवू नका, मोजा. रिकाम्या वाइनच्या बाटलीत पाणी भरा, त्यात साधा थर्मामीटर सोडा आणि जिथे ठेवायचं मनात आहे तिथे ती ठेवा. नुसत्या हवेचं तापमान मोजून फसगत होते. हवा पटकन तापते आणि पटकन निवते, बाटलीतलं पाणी सावकाश, आणि वाइनचं जे होणार ते त्या पाण्याचं होतंय. एप्रिलच्या एखाद्या आठवड्यात रोज पहाटे सहाला आणि संध्याकाळी पाचला आकडा टिपा. फरक ३ अंशांच्या वर गेला तर ती जागा बाद. आकडा २७-२८ असला तरी चालेल, पण हलता नको.

हे मोजलं की बऱ्याच घरांत धक्का बसतो. माळा सगळ्यात वाईट निघतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ते खाली सोडत राहतो. फ्रिजच्या डोक्यावरची जागा दुसरी. सोय म्हणून सगळे तिथेच बाटल्या मांडतात, पण फ्रिजची गरम हवा तिथेच चढते, शिवाय कॉम्प्रेसरची थरथर. हॉलमधलं काचेचं शोकेस दिसायला झकास, पण प्रकाश आणि पाहुण्यांचं हात लावणं दोन्ही तिथेच. स्वयंपाकघर एकूणच बाद.

ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीकडे बंगला असेल तर तळमजल्यावर जिन्याखालची कोंदट जागा उत्तम. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत जुनं घर टिकून असेल तर तुम्ही नशीबवान. जाड भिंतींची मधली कोठीची खोली, जिथे पूर्वी धान्याच्या कणग्या असायच्या, तिथे एप्रिलमध्येही आकडा फारसा हलत नाही. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बाहेरची भिंत नसलेली खोली शोधावी आणि तिथल्या बॉक्सपलंगात किंवा कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात बाटल्या ठेवाव्यात. डांबरगोळ्यांचं कपाट मात्र नको, तो वास बुचात भिनतो.

यात भर म्हणून थर्माकोलचा झाकणाचा डबा घ्या. डबा काही गार करत नाही, पण बाहेरचा चढउतार आत पोहोचायला उशीर लावतो. बाटल्यांच्या मधल्या फटीत पाण्यानं भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बसवा. जितकं पाणी जास्त तितकं तापमान हट्टी. मासळीवाल्याकडचा जुना डबा फुकट मिळतो, पण घेऊ नका. वास जात नाही, कितीही धुवा.

फ्रिज की वाइन कूलर

घरच्या फ्रिजमध्ये वाइन ठेवू नये, असं जाणकार सांगतात. थंड हवामानात राहणाऱ्यांनी ते जरूर पाळावं. आपल्याकडे एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा बाटली ३६ अंशांत ठेवण्यापेक्षा फ्रिजमधले ४-५ अंश कधीही बरे. गारव्यात वाइन झोपून राहते, बिघडत नाही. हवा कोरडी असल्यानं बुचाची बाटली तिथे दोन-तीन महिन्यांवर ठेवू नये, एवढंच पथ्य. फिरकीच्या झाकणाला तेही नाही. भाजीच्या ट्रेमध्ये आडवी ठेवा. दारातल्या कप्प्यात नको, दार दर दहा मिनिटांनी उघडतं. आणि उघडा खर्डा, लसणाची चटणी त्याच कप्प्यात असेल तर ती आधी डब्यात घाला.

वर्षभर डझनभर बाटल्या ठेवायच्या असतील तर वाइन कूलर घ्यायला हरकत नाही, पण घेताना एक गोष्ट विचारा. कॉम्प्रेसरचा आहे की थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय नुसत्या विजेनं गार करणारा? दुसरा स्वस्त असतो, आवाज करत नाही, थरथरत नाही, आणि दुकानातल्या एसीत १२ अंश झोकात दाखवतो. पण तो खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनीच खाली जाऊ शकतो, साधारण १५ ते २० अंश. खोली ३६ वर असली की आत १६ ते २१ च्या खाली उतरत नाही आणि बिचारा रात्रंदिवस धापा टाकत राहतो. "मशीन चालू आहे पण गारच होत नाही" ही मे महिन्यातली हमखास तक्रार, आणि दर वेळी यंत्रात बिघाड नसतोच. कोल्हापूरसाठी कॉम्प्रेसरचाच घ्या, मागे वीतभर जागा सोडा, गॅलरीत ठेवू नका आणि स्टॅबिलायझर लावा. वळीव आला की वीज जाणार हे धरूनच चाला. वीज गेल्यावर दार न उघडणं हाच उपाय, भरलेला कूलर काही तास सहज तग धरतो.

पावसाळ्यातली फोनाफोनी

जुलैत तक्रारीचं रूप बदलतं.

"दादा, बाटलीला बुरशी आलीय. टाकून देऊ काय?"

"कुठं आलीय, लेबलवर का बुचावर?"

"दोन्हीकडं हाय की."

"ओल्या फडक्यानं पूस आणि ठेव परत. आत काय झालेलं नाही."

खरंच काही झालेलं नसतं. बुचाच्या बाहेरच्या तोंडावरची बुरशी आर्द्रतेमुळे येते आणि बुचाला आर्द्रता मानवतेच. नुकसान होतं ते लेबलचं. डिंक सुटतो, कसर लागते, आणि दोन वर्षांनी कोणती बाटली कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. बाटलीभोवती क्लिंग फिल्मचा एक वेढा द्या, किंवा लेबलचा मोबाइलवर फोटो काढून गळ्यात दोऱ्यानं नंबर बांधा. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. पुठ्ठा ओल धरतो आणि जमिनीलगत असेल तर वाळवीला आमंत्रण. लोखंडी किंवा प्लॅस्टिकची मांडणी बरी.

दुकान आणि रस्ता

घर सुधारलं तरी बाटली काकवीचीच निघत असेल तर ती घरी यायच्या आधीच गेलेली आहे. दुकानात काचेपाशी उन्हात मांडलेली घेऊ नका, आतल्या फळीवरची मागा. द्राक्षहंगामाचं वर्ष वाचा. नाशिकची पांढरी वाइन दोन-तीन वर्षांपूर्वीच्या हंगामाची असेल, तर तिनं फळीवर तेवढे उन्हाळे काढलेत. स्वस्तात मिळाली तरी नको.

वर्ष वाचताना आपलं पंचांग वेगळं आहे हे लक्षात ठेवा. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरला की फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. तासगावकडे बागा असलेल्या पाहुण्यांना विचारा, तोंडपाठ सांगतील. म्हणजे एकाच सालाची नाशिकची बाटली फ्रान्सच्या बाटलीपेक्षा सहा-आठ महिन्यांनी थोरली असते.

नाशिकहून कोल्हापूर साधारण साडेचारशे किलोमीटर. एप्रिलमध्ये डिकीत खोकं टाकून निघायचं आणि वाटेत दुपारी जेवायला गाडी उन्हात लावायची, म्हणजे घरच्या सगळ्या काळजीवर पाणी. बंद गाडी उन्हात बघता बघता पन्नास अंशांच्या घरात जाते. बाटल्या एसीत सीटखाली ठेवा, नाहीतर रात्री निघा. शक्यतो खरेदी डिसेंबर-जानेवारीतच उरकावी. लांबचा प्रवास करून आलेली बाटली आठवडाभर पडू द्या, मग उघडा.

काय ठेवायचं, काय संपवायचं

जपून ठेवली की वाइन सुधारते, हा समज सगळ्यात जास्त बाटल्या मारतो. बाजारातली बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेली असते. नाशिकची शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ, न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यों, इटलीची प्रोसेको, कुठलीही रोझे, फ्रान्सची बोजोले, या ताज्या असतानाच छान. लग्नाच्या वाढदिवसासाठी राखून ठेवायच्या नाहीत, या रविवारी उघडायच्या. राखून ठेवायच्या त्या वेगळ्या. फ्रान्समधल्या बोर्दोच्या चांगल्या घराण्यांची लाल, इटलीतल्या पिएमाँतची बरोलो, मोझेलची रीसलिंग, पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट. पण त्या कूलर असेल तरच. नसेल तर घेऊन लगेच प्या किंवा घेऊच नका.

स्पेनच्या रिओहाची लेबलं या बाबतीत कामाची. तिथे लाल वाइनवर क्रिआन्सा लिहिलं असेल तर ती दोन वर्षं पिकवून बाजारात येते, त्यातलं किमान एक लाकडी पिंपात. रिझर्व्हा तीन वर्षं, ग्रान रिझर्व्हा पाच. पिकवायचं काम वायनरीनंच करून दिलंय, तुम्ही फक्त बूच काढायचं. कूलर नसलेल्या घराला हा सौदा परवडतो.

आणि ज्यांना वर्षभर बाटली फळीवरच ठेवायची आहे त्यांच्यासाठी मदेरा. पोर्तुगालच्या त्या बेटावरची पिंपं जहाजातून उष्ण कटिबंध ओलांडून जायची तेव्हा वाइन बिघडायच्या ऐवजी खुलते, असं व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं. आता बहुतेक मदेरा मुद्दाम तापवतात, ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने. आपला मे महिना तिच्यापुढे काहीच नाही. उघडल्यावरही महिनोन्‌महिने टिकते.

मुलखामुलखातला फरक कळायला दहा बाटल्या लागत नाहीत, एकाच द्राक्षाच्या दोन पुरतात. शेनिन ब्लाँ घ्या. नाशिकची पेरू-अननसाकडे झुकते, लुआर खोऱ्यातल्या व्हूव्रेची जास्त आंबट, सफरचंद आणि मधाकडे, दक्षिण आफ्रिकेची दोन्हीच्या मधे कुठेतरी. लाल हवी असेल तर सांजोव्हेजे. इटलीतल्या तस्कनीत क्यांती मुख्यतः याच द्राक्षाची, आणि आपल्या अकलूजला फ्रातेली वायनरीनं तस्कनीचेच वाइनकार पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली तीच जात लावली. दोन्ही शेजारी ठेवून प्या. क्यांतीत आंबट चेरी आणि वाळल्या पाल्याचा वास ठळक, अकलूजची जास्त पिकलेली, अंगानं भारी. ऊन किती मिळालं ते ग्लासात कळतं.

पण दोन्ही योग्य तापमानाला हव्यात. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हे युरोपातल्या जुन्या, गार घरांपुरतं खरं, म्हणजे १६ ते १८ अंश. राजारामपुरीतल्या ३२ अंशांच्या हॉलमध्ये लाल वाइन नुसती स्पिरिटसारखी झोंबते. उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवून गार करून घ्या. पांढरी ८ ते १२ अंशांना, स्पार्कलिंग त्याहून गार. फ्रिज भरलेला असेल तर एप्रिलच्या कोरड्या हवेत ओलं पंचं गुंडाळून पंख्याखाली ठेवलं तरी काही अंश उतरतात. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, हवाच पाणी शोषत नाही.

तांबड्या रश्श्याबरोबर महागडी लाल उघडू नका. अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही तिखटाची आग वाढवतात, दोघांचाही अपमान होतो. तिथे कमी अल्कोहोलची, किंचित गोड आणि चांगली गार केलेली रीसलिंग किंवा शेनिन. पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध आणि खसखस मात्र कोरड्या शेनिनशी छान जमतं. सुक्या मटणाला नाशिकची शिराझ, थोडी गार करून.

उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्येच, लालसुद्धा, आणि तीन-चार दिवसांत संपवा. जास्त टिकवायची असेल तर उरेपर्यंत थांबू नका. बाटली उघडल्या उघडल्या निम्मी एखाद्या स्वच्छ, धुऊन वाळवलेल्या छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून घट्ट झाकण लावा. वर हवाच राहिली नाही तर आठवडाभर ती सहज चांगली राहते. ३७५ मिलीची बाटली यासाठी नेमकी बसते, एक घरात राखून ठेवा.